पाणी वाहिलं का?

काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं आमचे मिस्टर म्हणतात, आणि ते खोटं नाही. निमोण्याच्या शाळेत मी नोकरीला होते तेव्हा गॅस बंद केला का हे बघायला मी शिरूरच्या एसटी स्टँडवरून कितीदा तरी घरी परत आलेली आहे. मुलीला यायला जरा उशीर झाला की मनातल्या मनात मी तिचा अपघात, दवाखाना आणि पुढचं सगळं उरकून बसलेली असायची. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्याकडे बघूनच कोणीतरी काढली असावी. त्यामुळे मागच्या वर्षी मुलगी दिवस भरायच्या आत बाळंत झाली आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता ही कोसळणार. मी कोसळले नाही, कारण त्या दिवशी माझ्या विहीणबाईंनी माझ्यापुढे एक असा प्रश्न आणून ठेवला की कोसळायला सवडच मिळाली नाही.

आम्ही शिरूरचे, विहीणबाई दौंडच्या. आम्ही ख्रिस्ती आणि त्याही ख्रिस्ती. शाळेतल्या माझ्या एक सहकारी बाई आहेत, धनगराच्या, मुलीचं लग्न ठरताना माझा चेहरा का उतरला हे त्यांना कळेचना. "तुमच्यातलाच पोरगा मिळाला की बाई, आजून काय पायजे?" त्यांना काय सांगणार? विहीणबाई कॅथलिक. नवरा रेल्वेत होता, आता हयात नाही. त्यांच्याकडे फादर, मिस्सा, मारियामातेचा पुतळा, मेणबत्त्या. आमची मंडळी लहानशी, पत्र्याच्या हॉलमध्ये भरणारी. आमच्या भिंतीवर क्रूससुद्धा नाही, बायबलमधलं एक वचन तेवढं रंगवलेलं आहे. पगारी पाळक नाहीत. मंडळीचं सगळं जबाबदार भाऊ, म्हणजे पुढारी सभासद, बघतात आणि त्यातले एक आमचे मिस्टर.

खरा फरक बाप्तिस्म्याचा. आमच्यात लहान बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. बाळाला पुढे आणून प्रार्थना करतात, देवाला अर्पण करतात, बस. बाप्तिस्मा ज्याने त्याने कळत्या वयात, स्वतः विश्वास ठेवून, स्वतः मागून घ्यायचा, आणि तोही अख्खं पाण्यात बुडून. माझा घोडनदीत झाला, मुलीचाही तिथेच. दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये लहानपणी पाणी घातलेलं माणूस आमच्यात आलं तर त्यालाही पुन्हा नदीत उतरावं लागतं. बाळाच्या कपाळावर पाणी घातल्याने डोकं ओलं होतं, बाकी काही होत नाही, हे मिस्टरांचं ठरलेलं वाक्य आहे.

लग्नाच्या वेळी एक गोष्ट कबूल करावी लागली होती, ती म्हणजे होणारी लेकरं कॅथलिक पद्धतीने वाढवायची. मुलगी एका शब्दात हो म्हणाली. मिस्टर बरेच दिवस ताटावर बसून भाकरी नुसती कुस्करत राहायचे. लग्नाला आले ते शेवटच्या बाकावर बसले आणि पुतळ्यांकडे नजर जाऊ नये म्हणून पंख्याकडे बघत राहिले.

मी मात्र मनापासून जुळवून घ्यायला गेले आणि तिथेच माती खाल्ली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला मी दौंडला गेले. मिस्टरांना खोकला झाला होता. त्यांना असे प्रसंग बघून खोकले होतात. चर्च गच्च भरलेलं. मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, चालू होती आणि भाकर घ्यायची वेळ झाली. एकेक बाक उठून पुढे जाऊ लागला. आमच्या बाकावरचे सगळे उठले. मी एकटीच बसून राहिले तर लेकीच्या सासरचा अपमान होईल, ही मला काळजी. मी उठले आणि रांगेत जाऊन उभी राहिले. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचे शरीर." मी "आमेन" म्हटलं आणि माझ्या तळहातावर ती पांढरी, गोल, पातळ भाकर आली.

आता आमच्या मंडळीत भाकरीचं ताट फिरतं. ज्याने त्याने तुकडा घ्यायचा आणि हातात धरून बसायचं. शेवटच्या माणसाला मिळाला की एक भाऊ प्रार्थना करतात आणि मग सगळे एकदम खातात. आधी खाणं म्हणजे पंगतीत इतरांना वाढायच्या आत घास उचलण्यासारखं. म्हणून मी ती भाकर तळहातावर जपून घेऊन जागेवर आले आणि सगळ्यांचं होण्याची वाट बघत बसले.

शेजारी विहीणबाई गुडघ्यांवर होत्या. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हाताकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "इनबाई! आवो, हातातच हाय व्हय आजून?" कॅथलिकांच्या लेखी ती नुसती भाकर नसते, ते खुद्द प्रभूचं शरीर. मिळाल्या जागी तोंडात घ्यायचं, हातात घेऊन फिरायचं नाही. आणि दुसऱ्या मंडळीच्या माणसाने तर रांगेत जायचंच नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं आणि सगळ्यांच्या देखत मला पुन्हा वेदीपर्यंत नेलं. फादरांनी माझ्या हातातली भाकर घेतली, स्वतः खाल्ली आणि हळूच म्हणाले, "असू दे ताई, असू दे." विहीणबाई मात्र असू देणाऱ्या नव्हत्या. मिस्सा संपल्यावर त्यांनी मला चर्चमागे जास्वंदीपाशी नेलं आणि माझ्या तळहातावर तांब्याने पाणी घातलं. एखादा कण चिकटला असला तर तो गटारात जाऊ नये, झाडाच्या मुळाशी जावा, म्हणून. माझे कान रागाने आणि लाजेने तापले होते. शाळेत मुलांचे हात धुऊन घेणारी मी, आणि माझा हात कोणी असा धुऊन घ्यावा!

पुढे मुलीकडून कळलं की विहीणबाई स्वयंपाकघरात तिला म्हणाल्या होत्या, "तुझ्या आईच्या हातात काय द्यायची सोय न्हाई." ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. त्यानंतर आमचं बोलणं जेवलात का, उकाडा फार आहे, यापलीकडे गेलं नाही.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा लागून थोडेच दिवस झाले होते. सकाळी पोट दुखतंय म्हणाली आणि दुपारपर्यंत सिझर झालं. मुलगा. रडला, पण मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात. मग श्वास घेताना त्याची छाती खोल खोल जायला लागली आणि त्याला पेटीत ठेवलं. नाकात नळी, पायाला वायर, डोक्यावर मुठीएवढं टोपरं. त्या खोलीत घरातल्या एकाच बाईने जायचं, हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन घालून, असा दवाखान्याचा नियम होता. मुलीला टाके, ती वरच्या मजल्यावर. म्हणून आत जाणारी बाई मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शाळेतल्या त्या धनगराच्या बाई आल्या. कागदाच्या पुडीत खंडोबाचा भंडारा. "चिमूटभर कपाळाला लावा बाई, माझी सासू म्हणली, दिल्याबिगर परत येऊ नगं." मी पुडी घेतली, त्यांचा हात दाबला आणि पुडी पर्समध्ये ठेवली. लावणार नव्हते, पण वाईटही वाटलं नाही. माया होती ती. त्यांच्या पाठोपाठ विहीणबाई आल्या. चौफुल्यावर गाडी बदलून, न्हावऱ्याच्या रस्त्याची सगळी धूळ खाऊन, खोकत. त्यांनी पदराच्या गाठीतून निळ्या दोऱ्यात ओवलेलं मारियामातेचं छोटं पदक काढलं. "येवढं पेटीला बांधा इनबाई." आणि माझ्या कपाळाची शीर उठली.

मला माझाच चमत्कार वाटला. खंडोबाचा भंडारा पर्समध्ये सुखाने बसला होता आणि माझ्याच प्रभूच्या आईचं पदक मला हातात घेववत नव्हतं. गावाकडे असंच असतं म्हणा. चार शिवांपलीकडच्या माणसाशी कोणाचं भांडण नसतं, जी काही कोर्टकचेरी होते ती बांधाला बांध लागून असलेल्या भावकीशी. भंडाऱ्यावर माझा काही हक्क नव्हता, म्हणून राग नव्हता. पदकाचा मात्र मला हिशोब मागावासा वाटत होता.

सिस्टरने दोन्ही गोष्टी आत नेऊ दिल्या नाहीत, म्हणून तो प्रश्न मिटला. विहीणबाईंना खोकला होता, त्यामुळे त्यांना काचेच्या दारापासूनच परत फिरवलं. त्यांनी नातवाला लांबून बघितलं, तेही अर्धवट, कारण मध्ये मशीन होतं. मग त्या बाकावर बसल्या आणि जपमाळ काढली. मी दुसऱ्या टोकाला बसून माझी प्रार्थना करत होते. मध्ये कारखान्यात कामाला असलेल्या बिहारी जोडप्याचं सामान होतं, त्यांचंही बाळ आत होतं. ती बाई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. बाळ थकत चाललंय, इथे आता पुढचं मशीन नाही, पुण्याला हलवायला लागेल. मशीनवाली अँब्युलन्स पुण्याहून निघाली आहे. वाटेत काय होईल ते सांगता येत नाही, पण न नेणं जास्त धोक्याचं. जावई तिकडे जागा बघायला सकाळीच पुढे गेले होते. मिस्टर बाळंतिणीचे कपडे आणायला घरी गेलेले. मी ते सगळं विहीणबाईंना सांगितलं. सांगताना मी भिंतीला टेकून उभी होते.

त्यांनी पहिलं काय केलं असेल तर फादरांना फोन लावला. फादर खुटबावकडे कोणाच्या तरी मयताला गेले होते. लगेच निघतो म्हणाले, पण अँब्युलन्स आधी पोचणार हे उघड होतं. फोन ठेवून विहीणबाई माझ्याजवळ आल्या. इतक्या जवळ त्या नाताळानंतर आल्या नव्हत्या.

"इनबाई, लेकरू बाप्तिस्म्याबिगर गाडीत जायला नगं."

"फादर पोचत नाहीत ना पण."

"फादरच पायजे असं न्हाई. जिवावरचं आसंल तवा कुणीबी देऊ शकतं. बाई, बाप्या, कुणीबी. पाणी पायजे आन् तिन्ही नावं पायजे." त्यांनी काचेच्या दाराकडे बघितलं. "मला आत सोडत न्हाईत. तुम्ही द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "विहीणबाई, आमच्यात हे नाही. तुम्हाला माहीत आहे. मी हे मानत नाही."

"मला ठावं हाय."

"मग माझ्या हातून झालेलं तुम्हाला कसं चालेल? तुम्हीच म्हणाला होतात, हिच्या हातात काय द्यायची सोय नाही."

हे मी त्या वेळी बोलायला नको होतं. तोंडातून गेलं. त्यांनी मान खाली घातली नाही की माफी मागितली नाही. "म्हणली हुती," त्या म्हणाल्या. "तवा तुम्हाला ठावं नव्हतं हातात काय हाय ते. आता मी सांगतीया."

बाळाचा बाप्तिस्मा कधीतरी होणार हे लग्नातच ठरलेलं होतं. फादर देतील, आम्ही मागच्या बाकावर बसू, मिस्टर पंख्याकडे बघतील, इथवर माझी तयारी होती. तो मी द्यायचा हे कुठे ठरलं होतं? पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, हे शब्द आमच्याकडे हलक्या जिभेने उच्चारत नाहीत. नदीत उभं राहून, सगळ्या मंडळीसमोर, विश्वासाची साक्ष ऐकून मगच ते शब्द म्हणतात. जे मला पोकळ वाटतं त्यावर ते नाव घ्यायचं, म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेणंच नाही का? आणि नेमकं मी तसं केलं आणि देव माझ्यावर रागावला आणि बाळाला काही झालं तर? नाही केलं आणि बाळाला काही झालं, तर ही बाई जन्मभर माझं तोंड बघणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, मुलीला विचारून येते.

मुलगी वर पडून छताकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "अण्णांना सांगितलंस?" अण्णा म्हणजे आमचे मिस्टर. मी नाही म्हटलं. तिने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "आई, मी शब्द दिलाय. पण तुझ्या मनाविरुद्ध तू करू नको. तसं केलेलं त्यांनाही नको असेल." एवढी शहाणी कधी झाली कोण जाणे. मी खाली आले तेव्हा मला नाही म्हणायचं होतं. जिना उतरताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

विहीणबाई बाकावर नव्हत्या. त्या काचेच्या दारापाशी उभ्या होत्या आणि कपाळ काचेला टेकवलेलं होतं. माझी चाहूल लागली तशा न वळताच बोलायला लागल्या.

"माझं पयलं लेकरू आसंच गेलं. नगरकडं, माझ्या म्हायेरी. फादर दुसऱ्या गावाला हुतं. आई म्हणली, येतील सांच्यापतुर. तवर ऱ्हायलंच न्हाई ते. मला ठावं हुतं, कुणीबी पाणी घालू शकतं. मठातल्या सिस्टरांनी शाळंत शिकवलं हुतं. पर भ्या वाटलं. हात उचलला न्हाई माझा."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"बाप्तिस्मा नव्हता म्हणून आमच्या कबरस्तानात पुरलं न्हाई मंग त्याला. कुंपणाच्या भाईर, निवडुंगापाशी. तवा तसंच करायची. आता फादर सांगत्यात, देव दयाळू हाय, लेकरू त्याच्यापाशीच हाय, घोर करू नगा. मी व्हय म्हणती. पर ऱ्हातंय का मन?" मग त्या वळल्या. "तुमचा इस्वास नसंल तर नसू द्या इनबाई. इस्वास माझा हाय. हात तेवढा तुमचा द्या."

जिन्यावर जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मला अजूनही ठामपणे सांगता येणार नाही की त्या क्षणी मला काय पटलं. बाप्तिस्म्याबद्दलचं माझं मत तसूभरही हललं नव्हतं, आजही हललेलं नाही. पण कुंपणाबाहेरचं ते निवडुंग मला दिसायला लागलं. मी हात धुवायला गेले.

सिस्टर बीडकडची होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं, आमच्यात बाळाच्या कपाळावर थोडं पाणी घालायचं असतं. आमच्यात! डॉक्टरांना विचारून तिने बिनसुईच्या सिरिंजमध्ये शुद्ध पाणी भरून दिलं. "लई न्हाई हां मावशी, गार पडंल ते." पेटीला हात घालायला गोल झरोका असतो. त्यातून मी हात आत नेला. टोपरं जरा वर सरकवलं. कपाळ माझ्या अंगठ्याएवढं. मी मनात म्हटलं, प्रभू, मला हे पटत नाही, तुला माहीत आहे. बाहेर जी बाई उभी आहे तिला पटतं, तेही तुला माहीत आहे. आम्हा दोघींमधलं कोण चुकतंय ते तू नंतर सांग, बाळावर त्याचा राग काढू नको. मग मी पाणी सोडलं आणि मोठ्याने, शाळेत कविता म्हणायचे तितक्या स्पष्ट आवाजात म्हटलं, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." बाळाने भुवई आवळली. सिस्टरने लगेच कापसाने पाणी टिपलं.

बाहेर आले तर विहीणबाईंनी माझे दोन्ही दंड धरले. "पाणी वाहिलं का? नुसतं लागलं न्हाई न्हवं? वाहायला लागतंय ते."

"वाहिलं."

"कुणीकडं वाहिलं?"

"कानाकडे. डाव्या."

"आन् नावं तिन्ही घेतली? मधी थांबला न्हाईत?"

"नाही थांबले."

"पाणी आन् नावं एका टायमाला? का आधी पाणी आन् मंग नावं?"

एवढ्या तणावात मला हसू आलं. गॅस बंद केला का म्हणून स्टँडवरून परत येणारी मी, मला ही बाई ओळखीची वाटायला लागली. बाकी कशात असो नसो, काळजीत आम्ही दोघी एकाच पंथाच्या होतो. मी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पाणी कसं सोडलं, कुठल्या शब्दाला सोडलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे ती खाली बसली.

अँब्युलन्स आली आणि पेटीसकट बाळ निघालं. विहीणबाई डॉक्टरांना विचारून पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, तोंडाला पदर बांधून. मिस्टर तेवढ्यात कपड्यांची पिशवी घेऊन आले. मी त्यांना तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं. लपवलं असतं तर काळजीने मीच मेले असते. त्यांनी एवढंच विचारलं, "तू? तू ते शब्द म्हटलेस?" मी हो म्हटलं. ते पिशवी खाली ठेवून हायवेवरच्या ट्रककडे बघत राहिले. त्यानंतर बरेच दिवस आमच्यात तेवढंच बोलणं होतं जेवढं बाळाबद्दल लागतं.

पुण्याचे ते दिवस मी लिहीत नाही. फोन वाजला की मला काळजी आणि नाही वाजला तरी काळजी. बाळ हळूहळू सावरलं. मंडळीत मिस्टरांनी कोणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. पण रविवारी भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं की तुकडा हातात धरून बसताना वाटायचं, आत्ता कोणीतरी भाऊ उठतील आणि विचारतील. मिस्टरांना विचारतील. त्यांचं मंडळीतलं आयुष्यभराचं नाव माझ्या त्या सिरिंजभर पाण्यात जाईल. कोणी उठलं नाही, पण माझी धास्ती गेली नाही.

बाळाने अंग धरल्यावर दौंडहून निरोप आला, चर्चमध्ये राहिलेले विधी करायचे आहेत, दोघेही या. मला वाटलं मिस्टरांना खोकला होणार. झाला नाही. स्वतः गाडी काढली. दौंडला पोचल्यावर मात्र म्हणाले, "तू जा आत. मी इथं बसतो," आणि आवारातल्या लिंबाखालच्या पारावर बसले.

सुरू व्हायच्या आधी मी फादरांना गाठलं. माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. म्हटलं, "फादर, मला स्पष्ट सांगायचंय. ते पाणी मी घातलं, पण माझा त्यावर विश्वास नव्हता. तुम्ही आज नीट, पहिल्यापासून करा." मला खरंच वाटत होतं की त्यांनी पुन्हा करावं, म्हणजे माझं केलेलं पुसलं जाईल आणि मी सुटेन. फादरांनी विचारलं, "विहीणबाईंनी जे मागितलं तेच करायचं म्हणून केलंत ना?" मी हो म्हटलं. "मग झालं ते. परत करता येत नाही, ताई."

बाळाला तेल लावलं, पांढरं अंगडं घातलं, मेणबत्ती पेटवून जावयांच्या हातात दिली. पाण्याचं भांडं तिथेच होतं. फादर त्याला हात न लावता बाजूने पुढे गेले. विहीणबाईंनी मागे वळून मला शोधलं आणि मान हलवली. पुढे भाकर घ्यायची वेळ झाली, बाक उठू लागले. मी उठले नाही. विहीणबाई माझ्यापाशी थांबल्या, बाळ माझ्या हातात दिलं आणि रांगेत गेल्या. बाळ कुरकुरायला लागलं म्हणून मी त्याला बाहेर आणलं.

मिस्टरांनी हात पुढे केले. मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

"पाणी घातलं का परत?"

"नाही."

"का?"

"झालंय म्हणाले. एकदा झालं की परत करत नाहीत."

"तू घातलेलं?"

"हो."

"तुझं मानणं काय आहे ते माहीत आहे त्यांना?"

"मीच सांगितलं मघाशी."

"तरी खरं धरलं?"

"तरी धरलं."

ते बाळाकडे बघत राहिले. घोडनदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी कितीतरी जणांना पुन्हा बुडवलं आहे. त्यांतल्या काहींच्या कपाळावर लहानपणी कोणीतरी, कुठल्यातरी चर्चमध्ये, असंच पाणी घातलेलं होतं. कोणाच्या आईने, कोणाच्या आजीने त्यासाठी जीव टांगणीला लावला असेल, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. पहिलं ते धरायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"त्यांच्यातल्या बाईनं घातलं असतं आणि आपल्याकडं आणलं असतं," मिस्टर म्हणाले, "तर आपण धरलं असतं का गं?"

 याचं उत्तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बाळाचं टोपरं डोळ्यांवर आलं होतं. मिस्टरांनी ते वर सारलं आणि कपाळावर हात ठेवून ते तसेच बसून राहिले.